खारकीव्हचे माहेर, नाशिकचे घर: युद्धकाळातील एका विवाहाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नाशिकमध्ये राहणाऱ्या एका दांपत्याचे आहे. पती महाराष्ट्रातला, व्यवसायाने भूलतज्ज्ञ. पत्नी युक्रेनमधील खारकीव्ह शहरातली, आता घरून ऑनलाइन इंग्रजी शिकवणारी. पती वैद्यकीय शिक्षणासाठी खारकीव्हला सहा वर्षे होता, तिथेच दोघांची ओळख झाली आणि पुढे विशेष विवाह कायद्याखाली भारतात नोंदणी पद्धतीने लग्न झाले. घरात एक शाळकरी मुलगी आणि पतीची आई. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून समुपदेशनात मला भेटलेल्या एकाहून अधिक जोडप्यांचे अनुभव इथे एकत्र केले आहेत आणि व्यक्तिगत तपशील बदलले आहेत. युद्धातील घटना, तारखा आणि नियम मात्र जसे घडले तसेच दिले आहेत.

अशी जोडपी समुपदेशनाला येतात तेव्हा नातेवाइकांनी आणि कित्येकदा आधीच्या समुपदेशकानेही त्यांच्या भांडणाला 'दोन संस्कृतींमधला फरक' असे नाव देऊन ठेवलेले असते. या दांपत्याच्या बाबतीत ते निदान चुकीचे होते, आणि ते चुकीचे का होते हे सविस्तर सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. दहा वर्षांहून अधिक काळ या दोघांनी भाषा, जेवण, सणवार, सासूबाईंचे सोवळे आणि मुलीची शाळा या सगळ्यांतून व्यवस्थित वाट काढली होती. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर जे बिघडले त्याचे मूळ वेगळे होते.

पहिले दोन आठवडे

खारकीव्ह हे युक्रेनमधील दुसऱ्या क्रमांकाचे शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम ३०-४० किलोमीटरवर असल्यामुळे पहिल्याच दिवसापासून ते माऱ्याखाली आले. पत्नीचे वडील, ट्रॅक्टर कारखान्यातून निवृत्त झालेले, सालतिव्का या उपनगरातल्या नऊमजली इमारतीत राहतात. सोव्हिएत काळात बांधलेल्या अशा इमारतींच्या रांगाच्या रांगा असलेल्या या भागाचे, विशेषतः त्याच्या उत्तरेकडच्या भागाचे, युद्धाच्या सुरुवातीच्या महिन्यांत अतोनात नुकसान झाले. तिचा धाकटा भाऊ तिशीतला. लष्करी कायदा लागू होताच १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडण्यास मनाई झाली, त्यामुळे भाऊ बाहेर पडू शकत नव्हता आणि त्याला सोडून वडील निघायला तयार नव्हते.

या काळात हे दांपत्य एकमेकांच्या जितके जवळ होते तितके ते लग्नानंतर कधीच नव्हते, असे दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितले. पतीच्या जुन्या महाविद्यालयात आणि शहरातल्या इतर संस्थांत शेकडो भारतीय विद्यार्थी अडकले होते. १ मार्चला शहराच्या मध्यवर्ती चौकातील प्रशासकीय इमारतीवर क्षेपणास्त्र पडले आणि त्याच दिवशी कर्नाटकातील एक वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्या दिवशी भारतीय दूतावासाने सर्वांना तातडीने खारकीव्ह सोडून पिसोचिन, बाबाई आणि बेझल्युदिव्का या जवळच्या वस्त्यांकडे, वाहन मिळाले नाही तर पायी, निघण्याची सूचना दिली. पती नाशिकमध्ये एका फोनवर मराठी मुलांशी बोलत होता, पत्नी दुसऱ्या फोनवर भावाला विचारून कोणता पूल शाबूत आहे आणि कोणत्या रस्त्याने जाऊ नये हे सांगत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलेला आणि दोघे रात्रभर जागे, असे ते दिवस होते.

मार्चच्या मध्यापर्यंत भारत सरकारच्या 'ऑपरेशन गंगा' या सुटका मोहिमेची विमाने बहुतेक विद्यार्थ्यांना घेऊन परतली. विमानतळावर हार घालून स्वागत झाले, मराठी वाहिन्यांवर आई-वडिलांच्या मुलाखती झाल्या आणि मग ती बातमी संपली. पतीच्या मनातही काहीतरी संपले. हाती घेतलेले काम पार पडल्याचा सुटकेचा श्वास त्याने टाकला आणि तो शस्त्रक्रियागृहातल्या आपल्या नेमाच्या दिवसाकडे परतला. पत्नीच्या दृष्टीने मात्र युद्ध तेव्हा कुठे सुरू होत होते. दोघांच्या मधली भेग त्याच आठवड्यात पडली, आणि तिची जाणीव दोघांनाही बराच काळ झाली नाही.

भांडणे कशावरून होत होती

सर्वांत पहिले भांडण फोनवरून झाले. हवाई हल्ल्याचा इशारा देणारे अ‍ॅप पत्नीने खारकीव्ह प्रांतासाठी लावून ठेवले होते. नाशिकच्या झोपण्याच्या खोलीत रात्री दोन-तीनदा भोंगा वाजे. भारत आणि युक्रेन यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तासांचे अंतर असल्यामुळे तिकडच्या रात्रीचे हल्ले इकडच्या पहाटेवर येत, आणि पतीला सकाळी सातला पहिल्या रुग्णाला भूल द्यायची असे. त्याने आवाज बंद करायला सांगितला. तिने आवाज बंद केला नाही. ती उशी घेऊन दिवाणखान्यात झोपू लागली. त्याला ते रुसणे वाटले. तिचे म्हणणे असे होते की सीमा इतकी जवळ असल्यामुळे खारकीव्हमध्ये कित्येकदा आधी स्फोट होतो आणि मग भोंगा वाजतो, म्हणजे त्या इशाऱ्याने वडिलांचे रक्षण होत नाही हे तिलाही कळत होते, पण ते जागे असताना आपण झोपलेले असणे तिला सहन होत नव्हते.

दुसरा वाद भाषेवरून झाला आणि तो अधिक खोल होता. खारकीव्ह हे मुख्यतः रशियन बोलणारे शहर. पती विद्यार्थिदशेत रशियन शिकला, प्रेमात पडला तो रशियनमधून, आणि घरात नवरा-बायकोची खाजगी भाषा रशियनच होती. २०२२ च्या उन्हाळ्यात, तिच्या शहरातल्या अनेकांप्रमाणे, पत्नीने रशियन बोलणे बंद केले. मुलीशी ती युक्रेनियन बोलू लागली, पतीशी इंग्रजी आणि मोडकी मराठी. पतीला युक्रेनियन अर्धेमुर्धे समजते, बोलता येत नाही. आपल्या दोघांचा सगळा भूतकाळ ज्या भाषेत आहे ती तिने त्याला न विचारता घराबाहेर काढली, ही त्याची तक्रार होती. आणि ती तक्रार तो उघडपणे करू शकत नव्हता, कारण ती करणे म्हणजे आक्रमकाची बाजू घेणे असे समजले जाईल याची त्याला धास्ती होती.

तिसरा ताण घराबाहेरून घरात आला. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव १४१ मतांनी संमत झाला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. त्यानंतर रशियाकडून तेलाची खरेदी वाढली. पतीच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काका, मेहुणे, चुलतभाऊ हे सगळे परराष्ट्र धोरणाचे जाणकार झाले होते. रशिया हा आपला जुना मित्र, १९७१ मध्ये तोच पाठीशी उभा राहिला, युक्रेनने विनाकारण खोड काढली, अशा मजकुरांची रोज देवघेव चाले. पत्नी त्या गटात होती. सुरुवातीला तिने उत्तरे लिहिली. कोणीतरी 'वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता' असे लिहिल्यावर तिने लिहिणे थांबवले. पतीने एकदाही त्या गटात तिच्या बाजूने शब्द लिहिला नव्हता. विचारल्यावर तो म्हणाला, "मोठ्यांशी वाद कशाला घालायचा, त्यांच्या बोलण्याने तिकडे काय फरक पडणार आहे?"

सासूबाईंचा स्वभाव प्रेमळ. सून फोन हातात घेऊन ताटावर बसली की त्या म्हणत, "अगं, आधी जेवून घे. तू उपाशी राहिलीस म्हणून तिकडचं युद्ध थांबणार आहे का?" हे वाक्य मायेचेच होते, आणि पत्नीने माझ्यासमोर रडत उद्धृत केलेल्या मोजक्या वाक्यांपैकी ते एक होते.

चौथा मुद्दा पैशाचा. भाऊ सैन्यात भरती होण्याआधीपासूनच त्याच्या मित्रांच्या तुकडीसाठी वर्गणी जमवत होता आणि पत्नी आपल्या शिकवणीच्या कमाईतून नियमित रक्कम पाठवत होती. ती रक्कम ड्रोनसाठी जाते हे पतीला योगायोगाने कळले. रकमेबद्दल त्याचा आक्षेप नव्हता. लपवले याचा राग होता, आणि त्याखाली एक नैतिक अस्वस्थताही होती: जीव वाचवण्याचा धंदा करणाऱ्या माणसाच्या घरातून शस्त्राला पैसा जातो.

शेवटचा मुद्दा प्रवासाचा. युक्रेनचे आकाश पहिल्या दिवसापासून नागरी विमानांना बंद आहे, त्यामुळे आधी पोलंडला विमानाने आणि तिथून रेल्वेने खारकीव्हपर्यंत जावे लागते. २०२३ च्या शरद ऋतूत पत्नीने वडिलांना भेटायला जायचे ठरवले. पतीने विरोध केला, मुलीचा दाखला दिला, भारत सरकारच्या सूचनांचा दाखला दिला. तिने तिकीट काढून मग सांगितले. ती गेली, सुखरूप परतली, आणि दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा जोर वाढल्यावर ती मुलीला घेऊन घराच्या आतल्या बोळकांडीत, बाहेरच्या भिंतीपासून दोन भिंती आत, चटई टाकून बसली. तळघर गाठता येत नसेल तर बाहेर आणि आपल्यात दोन भिंती ठेवायच्या, हा युक्रेनमधल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेला नियम आहे. मुलगी घाबरली, आजी समजूत घालत राहिली, आणि पती मोठ्याने म्हणाला, "हे नाशिक आहे!" त्यानंतरच्या आठवड्यात दोघे समुपदेशनाला आले.

प्रकरणाचे आकलन

वरवर पाहता इथे मागणी आणि माघार यांचे ओळखीचे चक्र दिसते: एक जोडीदार जवळीक मागतो, दुसरा शांततेसाठी मागे सरतो, त्यामुळे पहिल्याची मागणी अधिक कर्कश होते आणि दुसरा आणखी मागे जातो. पतीच्या व्यवसायाने या माघारीला एक खास रूप दिले होते. भूलतज्ज्ञाने स्वतःचा आवाज कधी चढू द्यायचा नसतो. रुग्णाची नाडी खालावत असली तरी तो सपाट सुरात औषधाचे नाव सांगतो. खारकीव्हमध्ये रात्री काय झाले हे बायको सांगत असताना तो हाच सूर लावत असे. त्याच्या दृष्टीने तो आधार होता. तिच्या कानाला ती बेफिकिरी होती.

पण एवढ्यावर थांबले तर प्रकरण अर्धेच समजते. अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना संदिग्ध वियोगाची कल्पना मांडली: माणूस गेलेलाही नसतो आणि असलेलाही नसतो, म्हणून शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही. पत्नीचे माहेर याच अवस्थेत होते. इमारत उभी होती, वडील फोनवर बोलत होते, आणि तरी दर रात्री ते हिरावले जाण्याची शक्यता होती. अशा माणसाला 'काळजी करू नकोस' हा सल्ला निरुपयोगी असतो, कारण काळजी करत राहणे हेच त्या घराशी उरलेले तिचे नाते असते. आपल्याकडे माहेरी कोणी आजारी पडले तर सून महिनाभर जाऊन राहते आणि कोणी तिला नाव ठेवत नाही. हिचे माहेर दोन वर्षे मृत्यूच्या दारात होते आणि त्याला सोयर-सुतकाची, ये-जा करण्याची, शेजारणीने येऊन बसण्याची कोणतीही रीत उपलब्ध नव्हती.

बातम्यांबाबत मी पतीच्या बाजूला काही अंशी झुकलो, हेही नोंदवले पाहिजे. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, रोज सहा किंवा अधिक तास त्या घटनेची दृश्ये पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. टेलिग्रामवरची दृश्ये तासन् तास पाहिल्याने पत्नीची झोप आणि भूक दोन्ही गेली होती. उपाय मात्र आवाज बंद करण्यात नव्हता.

खरी कलाटणी पतीच्या स्वतंत्र भेटीत मिळाली. त्याला मी खारकीव्हबद्दल विचारले. पत्नीच्या खारकीव्हबद्दल नव्हे, त्याच्या. बराच वेळ तो माहिती देत राहिला आणि मग बाराबाशोवो बाजाराबद्दल बोलू लागला. पूर्व युरोपातील सर्वांत मोठ्या बाजारांपैकी हा एक. पहिल्या हिवाळ्यात तिथे त्याने जाड कोट घेतला होता, आणि तेव्हा नुकती ओळख झालेल्या त्या मुलीने दुकानदाराशी घासाघीस करून किंमत खाली आणली होती. मार्च २०२२ मध्ये तोफमाऱ्याने त्या बाजाराला आग लागली. आगीची चित्रफीत त्याने रुग्णालयाच्या गाडीतळावर एकट्याने पाहिली आणि घरी कोणालाही सांगितले नाही. का, असे विचारल्यावर तो म्हणाला की तिचे एवढे मोठे दुःख असताना आपण बाजाराचे दुःख कोणत्या तोंडाने सांगायचे.

म्हणजे या घरात एक दुखावलेली आणि एक बेफिकीर अशी दोन माणसे नव्हती. तारुण्यातली सहा वर्षे ज्या शहरात गेली ते शहर पतीनेही गमावले होते. फक्त शोक करण्याचा हक्क बायकोचा, आपण तटस्थ राहून घर सांभाळायचे, अशी वाटणी त्याने मनाशी करून टाकली होती. त्याच्या देशाची तटस्थता आणि त्याची स्वतःची ही तटस्थता पत्नीच्या मनात एकमेकांत मिसळून गेली होती. माझ्या मते या विवाहातील ताणाचे मूळ इथे होते, आणि पुढचे सगळे काम याच आकलनावर उभे राहिले.

काय केले

बाजाराची गोष्ट पतीने संयुक्त भेटीत पत्नीला सांगितली. ती सांगताना तो नकळत रशियनमध्ये गेला आणि तिने त्याला अडवले नाही. त्यानंतर भाषेविषयी जो करार झाला तो त्यांनी स्वतः केला: मुलीशी आई युक्रेनियनच बोलेल, घरात दोघे मराठी वाढवतील, आणि दोघांच्या जुन्या आठवणी पतीला रशियनमध्ये सांगायच्या असतील तर ती ऐकेल, उत्तर मात्र तिला हव्या त्या भाषेत देईल. एका गोष्टीबाबत मी आग्रही होतो. आई युक्रेनियन बोलते आणि बाबांना पूर्ण समजत नाही म्हणून मुलगी मध्ये दुभाष्याचे काम करू लागली होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलीकडून आजोबांच्या इमारतीवरच्या हल्ल्याचे भाषांतर करून घेणे हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि तो दोघांनी त्याच दिवशी थांबवला.

अ‍ॅपचा भोंगा रात्री फक्त कंपनावर, फोन पत्नीच्या उशाशी, आणि ती पुन्हा झोपण्याच्या खोलीत, असे ठरले. टेलिग्रामऐवजी सकाळी भावाचा किंवा वडिलांचा एक निरोप हीच दिवसाची अधिकृत बातमी. याहून महत्त्वाचे म्हणजे पतीने आठवड्यातून एकदा स्वतः सासऱ्यांना फोन करायला सुरुवात केली. सासरे रशियनच बोलतात. रक्तदाबाच्या गोळ्या, वीज नसताना नऊ मजले चढल्यावर लागणारा दम, पायांवरची सूज, या सगळ्याची चौकशी जावई डॉक्टरच्या अधिकाराने करू लागला, आणि त्याच्या सपाट सुराला तिथे योग्य जागा मिळाली. २०२२ च्या ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर पद्धतशीर हल्ले होत असल्याने लिफ्ट बंद पडणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे. औषधांचा साठा किती ठेवायचा, कोणती लक्षणे दिसली तर वाट पाहायची नाही, हे त्याने लिहून पाठवले.

पैशाचा हिशेब उघड झाला. भाऊ २०२४ च्या सुरुवातीला सैन्यात भरती झाल्यावर पतीने स्वतःहून रक्तस्राव थांबवण्याचे चांगल्या प्रतीचे पट्टे आणि जखमेवर भरायच्या पट्ट्या निवडून त्यांचे पैसे दिले. ड्रोनसाठी पत्नी तिच्या कमाईतून देते, आणि त्याबाबत दोघांचे मत आजही एक नाही.

हे सगळे सुरळीत चालले असे नाही. २५ मे २०२४ रोजी खारकीव्हमधल्या एका मोठ्या गृहसामानाच्या दुकानावर बाँब पडले, त्या दिवशी कित्येक तास वडिलांचा फोन लागला नाही. त्यातून घर सावरते तोच ८ जुलै उजाडला. भारताचे पंतप्रधान मॉस्कोला पोहोचले आणि त्याच दिवशी कीव्हमधल्या ओख्मातदित या मुलांच्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडले. कुटुंबाच्या गटावर मॉस्कोमधल्या गळाभेटीची छायाचित्रे उत्साहाने फिरू लागली. या वेळी पतीने लिहिले. त्याने धोरणावर एक शब्दही काढला नाही. आज मुलांच्या रुग्णालयावर हल्ला झाला आहे, माझ्या घरातले एक माणूस हे सगळे वाचते आहे, तिचा भाऊ आघाडीवर आहे, म्हणून हा विषय या गटावर नको, एवढेच लिहिले. एका काकांनी गट सोडला आणि काही महिने बोलणे टाकले. सासूबाईंनी दीर म्हणून त्यांची समजूत घालण्याऐवजी मुलाची बाजू घेतली, ही गोष्ट पत्नीला नवऱ्याच्या निरोपापेक्षाही मोठी वाटली.

सद्यस्थिती

दोघे आता मधूनमधून येतात. फटाक्यांच्या दिवसांत ते मुलीला आणि आजीला घेऊन शहराबाहेर नातेवाइकांच्या शेतावर जातात. वडील खारकीव्ह सोडायला आजही तयार नाहीत. त्यांना भारतात आणायचे तर भारत १९५१ च्या निर्वासित कराराचा सदस्य नसल्यामुळे निर्वासित म्हणून कायदेशीर दर्जा नाही, आणि व्हिसाची मुदत संपल्यावर पुढे काय हा प्रश्न उरतोच. पत्नी त्यानंतरही एकदा जाऊन आली, या वेळी तारखा, मार्ग आणि रोजच्या फोनची वेळ दोघांनी मिळून ठरवली होती. मुलीला आजोबांना भेटायला नेण्याचा मुद्दा मात्र सुटलेला नाही. पत्नीला तिला निदान पोलंडच्या सीमेजवळच्या ल्वीव्ह शहरापर्यंत न्यायचे आहे, वडील तिथे येतील असे ती म्हणते. पती पोलंडच्या पलीकडे मुलीला पाठवायला तयार नाही, आणि सासऱ्यांच्या वयाला व दमाला पोलंडपर्यंतचा प्रवास झेपेल की नाही हे डॉक्टर म्हणून त्यालाही सांगता येत नाही. पुढची भेट याच विषयावर आहे.